वाळवंटात पाणी नसतं, मग पक्ष्यांची पिल्लं काय पितात?

पखुर्डी या माळरानावर राहणाऱ्या पक्ष्याची पिल्लं बापाने पिसांत भरून आणलेलं पाणी पितात.

मोठे पक्षी उडून पाणवठा गाठतील, पण उडता न येणाऱ्या पिल्लांचं काय, हा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. किडे किंवा मांस खाणाऱ्या पिल्लांना त्यातूनच बरंचसं पाणी मिळतं. पखुर्डी मात्र जवळजवळ कोरड्या बियांवरच जगते, आणि पिल्लंही जन्मल्यावर लगेच बियाच टिपू लागतात. त्यात पाणवठ्याजवळ कोल्हे, ससाणे टपलेले असतात, म्हणून अंडी घालायची ती पाण्यापासून लांब, उघड्या माळावर.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात पखुर्डीचा नर सकाळी पाण्यावर येतो. आधी कोरड्या मातीत पोट घासतो, म्हणजे पिसांवरचं तेल निघून जातं. मग पोटापर्यंत पाण्यात शिरून अंग वरखाली हलवत राहतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू एरवी गुंडाळलेले असतात. भिजले की ते उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाट जाळीत पाणी अडकून बसतं, तेही पिसाच्या आतल्या बाजूला, त्यामुळे उडताना कमी सुकतं. एका खेपेला साधारण २५ मिलिलिटर, म्हणजे पाच लहान चमचे! परतल्यावर तो ताठ उभा राहतो आणि पिल्लं पोटाखाली घुसून पिसं चोचीत धरून पाणी ओढतात. मला हे उंटाच्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठं वाटतं.

मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ मध्येच आपल्या पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांबद्दल हे लिहून ठेवलं होतं, पण अनेकांना ते पटलं नाही. केड आणि मॅक्लीन या पक्षिअभ्यासकांनी कलहारीतल्या निरीक्षणांसह ते १९६७ मध्ये सिद्ध केलं. मीड-वाल्डोने डोळ्यांनी पाहिलेलं खरं ठरायला सत्तर वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं.

पखुर्डी आपल्याकडेही आहे. थरच्या वाळवंटापासून सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांपर्यंत ती दिसते, आणि आपल्याकडच्या पखुर्डीचा नरही असंच पाणी वाहतो. उन्हाळ्यात तळ्याकाठी बाकीचा थवा पिऊन उडाला तरी एखादा नर पोट बुडवून बसलेला दिसला, तर कॅमेरा घेऊन जवळ जाऊ नका. अर्धवट भिजून तो उडाला, तर पिल्लांना तेवढं पाणी कमी मिळतं.