पक्ष एकच, तरी घरात वाद

ताई, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी आणि नवरा तीन वर्षांपूर्वी नागरिक झालो आणि दोघंही रिपब्लिकन पक्षाला मत देतो. कर कमी असावेत, कुटुंबाला मान असावा, सरकारने घरात लुडबुड करू नये, यावर आमचं एकमत आहे. तरी प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जवळ आली की तोंडाला तोंड लागतं. त्याला खासगी शाळेसाठी सरकारी पैसे देणारा उमेदवार हवा, मला लेकीची सरकारी शाळा टिकवणारा. सासरे सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते जेवताना म्हणतात, "अरे, तुम्ही शिकलात ती शाळा तरी कुणाच्या पैशावर चालायची? सरकारच्याच ना?" मग वाद आणखी पेटतो. परवा पाचवीतल्या लेकीने विचारलं, "तुम्ही दोघं वेगवेगळ्या पार्टीचे आहात का?" काय सांगू तिला?
— टेक्सासमधली एक आई

तिला सांगा, पार्टी एकच आहे, आणि हा वाद तुमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालेला नाही. टेक्सासचे रिपब्लिकन स्वतःच तो वर्षानुवर्षं घालताहेत.

नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहात 21 रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅट्सच्या बरोबरीने मत देऊन खासगी शाळांच्या अनुदानाचा प्रस्ताव पाडला. त्यातले बरेचसे ग्रामीण भागातले. बंदूक, चर्च, कर या बाबतीत एकदम कट्टर. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या काउंटीत खासगी शाळाच नाही. सर्वांत जास्त नोकऱ्या देणारी संस्था म्हणजे शाळा, आणि शुक्रवारी रात्री अख्खं गाव एकत्र येतं ते शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी मग 2024 च्या प्राथमिक निवडणुकीत आपल्याच पक्षाच्या या आमदारांविरुद्ध प्रचार केला आणि त्यांतले बरेच जण पडले. एप्रिल 2025 मध्ये तोच विषय प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि 3 मे रोजी अ‍ॅबट यांनी सही केली. म्हणजे शाळांचा निकाल नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीत लागलाच नाही, तो आधीच्या प्राथमिक निवडणुकीतच लागला. तुमचं भांडण अगदी योग्य वेळी होतंय. ते बंद करू नका, फक्त टेबलावर कागद घेऊन बसा.

पहिला कागद त्या कायद्याचा. एकूण तरतूद 1 अब्ज डॉलरची आणि सुरुवात 2026-27 च्या शाळेच्या वर्षापासून. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे साधारण 10 हजार डॉलर, घरी शिकणाऱ्याला 2 हजारांपर्यंत, विशेष गरजांच्या मुलाला 30 हजारांपर्यंत. हिशेब केला तर जेमतेम लाखभर मुलांना पुरेल एवढा हा पैसा, आणि टेक्सासच्या सरकारी शाळांत मुलं आहेत 50 लाखांहून जास्त. अर्ज जास्त आले तर आधी विशेष गरजांची मुलं, मग कमी उत्पन्नाची घरं असा क्रम ठरलेला आहे. दारिद्र्यरेषेच्या पाचपट उत्पन्नाच्या वर, म्हणजे चौघांच्या घराला साधारण 1 लाख 60 हजार डॉलरच्या वर, कमावणारे रांगेत शेवटी, आणि त्यांच्या वाट्याला एकूण निधीच्या 20 टक्क्यांहून जास्त जाणार नाही. दोघंही आयटीत असाल तर तुमची जागा कुठे, ते तुम्हीच बघा. शिवाय डॅलसमधल्या नावाजलेल्या खासगी शाळांची फी या 10 हजारांच्या कितीतरी वर आहे. माझं स्पष्ट मत असं, की तुमचा नवरा ज्या पैशासाठी हिरिरीने बोलतोय तो तुमच्या घरात येण्याची शक्यता फार थोडी. तरीही त्याला ते तत्त्व म्हणून पटत असेल, तर ते तत्त्व म्हणूनच मांडू दे. लेकीच्या फीचा विषय त्यात आणायचा नाही.

आता तुमच्या सासऱ्यांचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि माझा जीवही या मुद्द्यात अडकलाय, कारण मी स्वतः अनुदानित शाळेत शिकले. पण अनुदान कुणाच्या हातात पडतं ते बघा. आपल्याकडे सरकार संस्थेच्या शिक्षकांचे पगार देतं, आणि त्या पगाराबरोबर आरक्षणाची बिंदुनामावली येते, फीवर बंधन येतं, तपासणीला शिक्षणाधिकारी येतात. पटसंख्या घसरली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मुख्याध्यापकांनी हे सगळं अंगावर काढलेलं आहे, त्यांनाच विचारा. टेक्सासमध्ये पैसा पालकाच्या नावाच्या खात्यात जातो. शाळेला मान्यता लागते, परीक्षा घ्यावी लागते, पण कुणाला प्रवेश द्यायचा आणि फी किती ठेवायची हे शाळाच ठरवते. याला कुणी स्वातंत्र्य म्हणेल, कुणी निवडून घेणं म्हणेल. गंमत बघा, मुलांना घरी शिकवणारे काही कट्टर परंपरावादी पालकही या योजनेच्या विरोधात आहेत. आज सरकारचा पैसा घेतला की उद्या सरकारचे नियम घरात शिरतील, ही त्यांची भीती. सासरेबुवांना ही भीती लगेच कळेल.

दुसरा कागद कराच्या बिलाचा. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, त्यामुळे बराच भार घरपट्टीवर, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बहुतेक ठिकाणी शाळेचा. बिलात शाळा जिल्ह्याची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, ओळ शोधा आणि तिच्यावर बोट ठेवूनच बोला. राहत्या घराला शाळेच्या करातून मिळणारी सूट 2023 मध्ये 40 हजारांवरून 1 लाख डॉलर झाली, आणि नोव्हेंबर 2025 च्या मतदानाने ती 1 लाख 40 हजार झाली. दर शंभर डॉलरला 1 डॉलर असा धरला तर शेवटच्या वाढीने तुमचे वर्षाला 400 डॉलर वाचले. शाळेची ती तूट राज्य आपल्या तिजोरीतून भरतं, आणि त्या तिजोरीत मोठा हिस्सा विक्रीकराचा असतो. म्हणजे सोफा घेताना 8.25 टक्के भरता, त्यातले 6.25 राज्याकडे जातात. भाड्याने राहणारे तुमचे मित्र घरपट्टीची सूट घेऊ शकत नाहीत, पण हा कर भरतातच. त्यामुळे "आम्ही कर कमी केला" असं सांगणाऱ्या उमेदवाराला एवढंच विचारा, कुठला कमी केला आणि शाळेला त्याऐवजी कुठून दिलात? सरकारी शाळांसाठी राज्याने ठरवलेली मुलामागची मूळ रक्कम 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकली होती. 2025 मध्ये साडेआठ अब्जांचं शाळांचं विधेयक आलं, त्यातही ही रक्कम फक्त 55 डॉलरने वाढली, बाकीचा बराच पैसा शिक्षकांच्या पगारवाढीला बांधला गेला. ही वाढ पुरेशी आहे का, यावर तुम्ही नवराबायको खुशाल भांडा. खरा मतभेद इथे आहे.

राहिले संस्कार. दिवाळीच्या कार्यक्रमात दिवा लावून नमस्कार करणारा उमेदवार आपल्याला आवडतो, मलाही आवडतो. पण त्याच्या मतांची नोंद वाचा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शिक्षण मंडळाने 8 विरुद्ध 7 मतांनी एक अभ्यासक्रम मंजूर केला. त्यात बायबलमधल्या गोष्टी आहेत. तो शाळा जिल्ह्यांवर सक्तीचा नाही, पण स्वीकारला तर मुलामागे 60 डॉलरपर्यंत जादा मिळतात. "कुटुंबाने मुलावर संस्कार करावेत, सरकारने नाही" असं मानत असाल, तर हा प्रश्नही तुमच्याच तत्त्वातून येतो. सभेत उभं राहून न भिता विचारा. त्यासाठी पक्ष सोडावा लागत नाही.

आणि सासऱ्यांबद्दल एक काळजीची गोष्ट. ते ग्रीन कार्डवर असतील तर त्यांना मत नाही. ओळखपत्र काढताना अर्जात मतदार नोंदणीचा रकाना असतो, तो चुकून भरला गेला तर हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. त्यांचा फॉर्म तुम्ही स्वतः वाचा, रकाना-रकाना बघून.

पण शाळा मंडळाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. आधी नाव द्यायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात. शाळा चालवण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस तुमच्या घरात बसलाय. त्यांना मराठीत लिहू दे, लेकीला बसवून इंग्रजी करून घ्या, आणि माइकसमोर ती आजोबांच्या शेजारी उभी राहू दे.