विचारा वैद्यताईंना : कावीळ उतरवून घ्यावी का?

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणारी अर्धी पत्रं काविळीची असतात आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न असतो, उतरवून घेऊ का. म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त काविळीचेच घेतलेत.

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. आधी ताप आला, मग उलट्या आणि चार दिवसांनी डोळे पिवळेधमक. रक्त तपासलं तर बिलिरुबिन (काविळीतला पिवळा रंग) ७.८ आणि एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी तपासणी) १४००, डॉक्टर म्हणाले हिपॅटायटिस ए आहे, आराम करू द्या, याला खास असं औषध नाही. सासूबाई म्हणतात बघ, काविळीला डॉक्टरकडे औषधच नसतं, शेजारच्या गावात एक बाबा आहेत ते चुन्याच्या पाण्यात उतरवतात, नाकात थेंबही टाकतात आणि एक पैसा घेत नाहीत. घरात तेल, हळद सगळं बंद केलंय, पोरगं आठ दिवस उसाचा रस आणि मुरमुऱ्यांवर आहे. रोज भांडणं होतायत. काय करू?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी सासूबाईंशी भांडण थांबवा, कारण त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. हिपॅटायटिस ए ला मारणारं औषध खरंच नाही, आणि लागतही नाही, कारण शरीर स्वतःच त्या विषाणूला हटवतं आणि लिव्हर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं. या वयातली जवळजवळ सगळी मुलं बरी होतात. आणि नेमकं याच्यामुळेच त्या बाबांकडे गेलेलेही बरे होतात! ते फसवत असतील असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडे आलेली माणसं बरी होताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेली असतात, म्हणून त्यांचाही विश्वास बसलेला असतो.

आता चुन्याच्या पाण्याबद्दल, कारण हे मी स्वतः बघितलंय. मी आठ-नऊ वर्षांची असेन, आजोळी होतो आणि माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. गावातल्या एक आजी आल्या, त्यांनी त्याच्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत कसलासा ओलसर रस चोळला, पुटपुटत होत्या, मग पितळेच्या परातीत चुन्याची निवळी घेऊन त्यात हात धुवायला लावले आणि पाणी हळूहळू पिवळं होत गेलं, आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मग मी हट्ट धरला की माझेपण धुवा. आजींनी हसत हसत तोच रस माझ्या हाताला लावला, परातीत नवीन पाणी घेतलं आणि माझंही पाणी तेवढंच पिवळं झालं. मला कावीळ नव्हती. कॉलेजला गेल्यावर कळलं की आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला की पिवळा रंग सुटतो, मी घरी करून बघितलं, सुटतो. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होतं ना, तसंच हे, सालीतला रंग चुन्यात बदलतो. रक्तातलं बिलिरुबिन त्वचेतून असं धुऊन निघत नाही, ते लिव्हरवाटे पित्तात आणि तिथून मुख्यतः शौचावाटे बाहेर पडतं.

हात धुण्याने मुलाला अपाय होणार नाही, त्यामुळे सासूबाईंच्या समाधानासाठी करायचं असेल तर करा, मी अडवणार नाही. पण नाकात थेंब अजिबात नाही. ते बहुतेक देवडांगरीच्या फळाचं पाणी असतं, भयंकर कडू आणि जहाल, नाकाची आतली नाजूक त्वचा त्याने सोलवटते आणि मग तासन्‌तास पिवळसर पाणी गळत राहतं, लोकांना वाटतं कावीळ गळतेय. ती कावीळ नाही, जखम झालेल्या नाकातलं पाणी आहे ते. हातावर डाग देणं, डोळ्यात रस घालणं हेही नाहीच.

आणि खाणं! मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. लिव्हर दुरुस्त व्हायला अन्न लागतं आणि आपण नेमकं तेव्हाच मुलाला उपाशी ठेवतो. हळदीने कावीळ वाढत नाही, डोळे हळदीमुळे पिवळे होत नाहीत, त्यामुळे साधं फोडणीचं वरण, भात, वर चमचाभर तूप, मऊ पोळी, दही, अंडं, जे सोसेल ते द्या. तळलेलं बघून मळमळ होत असेल तर तेवढं टाळा, बस्स. सकाळी भूक बरी असते, संध्याकाळी मळमळ वाढते, म्हणून मोठं जेवण सकाळी द्या. उसाचा रस घरी स्वच्छ काढलेला असेल तर चालेल, पण गाड्यावरचा बर्फ घातलेला रस नको हो, कसल्या पाण्याचा बर्फ असतो कुणास ठाऊक, हा आजार आलाच आहे दूषित पाण्यातून. घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्या, शौचानंतर साबणाने हात धुवा, धाकटी भावंडं असतील तर हिपॅटायटिस ए च्या लशीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, संपर्कात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो.

एकच गोष्ट सासूबाईंना समोर बसवून सांगा. मुलगा दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, नाका-हिरड्यांतून रक्त आलं किंवा उलट्या थांबेनात, तर तडक हॉस्पिटल, मग कुणाकडे जायचं यावर चर्चा करत बसायचं नाही. त्यावेळी लिव्हर निकामी होत असतं, हे हजारातल्या एखाद-दुसऱ्याचंच होतं पण तो एखादा आपला असू शकतो.

प्रश्न : तुम्ही स्वतः वैद्य असून काविळीवर आयुर्वेदाचं औषध का सुचवत नाही? भुईआवळी, कुटकी, गुळवेल यांचा काहीच उपयोग नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उपयोग नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. भुईआवळीचं बघा. चेन्नईच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांना ती महिनाभर दिली आणि १९८८ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. त्या संशोधकांत बारुख ब्लमबर्गही होते, म्हणजे ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ चं नोबेल घेतलं तेच. केवढी आशा वाटली असेल! पण पुढे दुसऱ्या ठिकाणी करून बघितलं तेव्हा तो निकाल पुन्हा आला नाही. कुटकीचं थोडं वेगळं आहे, मुंबईत १९८० मधे आरोग्यवर्धिनीची, म्हणजे जिच्यात कुटकी मुख्य असते त्या आयुर्वेदिक गोळीची, आणि १९९६ मधे नुसत्या कुटकीची, रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसताना खरं औषध की खोटं अशी चाचणी झाली आणि निकाल चांगले आले, कुटकी घेणाऱ्यांची कावीळ लवकर उतरली. पण रुग्ण मोजकेच होते, एवढ्यावर सगळ्यांना द्या म्हणता येत नाही. अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं, आपल्याच औषधांना आपण तेवढा मान द्यायला हवा.

म्हणून मी कुटकी देते, पण रिपोर्ट बघून, आणि रुग्णाच्या दुसऱ्या डॉक्टरांना कळवून. आरोग्यवर्धिनी मात्र दुकानातून आपल्या मनाने आणू नका, त्यात पाऱ्या-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म असतं. गुळवेलीचंही तसंच, कोरोनात घरोघरी काढे झाले, तेव्हा मुंबईत २०२० मधे सहा रुग्ण लिव्हरच्या त्रासाने आले ज्यांनी गुळवेल घेतली होती, ते २०२१ मधे छापूनही आलं. आयुष मंत्रालयाने म्हटलं की दुसरी तशीच दिसणारी वेल घेतली गेली असेल. असेलही, पण ज्याचं लिव्हर आधीच सुजलंय त्याने ही परीक्षा कशाला घ्यायची?

प्रश्न : बहीण सात महिन्यांची गरोदर, माहेरी आलीय. तीन दिवस डोळे पिवळे आहेत, उलट्या होतायत. आई गावातल्या बाईंचा झाडपाला देतेय, सोमवारी तिसरा डोस आहे.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा मेल आला त्याच रात्री मी उत्तर पाठवलं होतं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. गरोदर बाईची कावीळ एक दिवसही घरी ठेवायची नाही. पाण्यातून येणारी दुसरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ई, ती इतरांना सहसा सोडून देते, पण शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर पाचातली एक बाई दगावू शकते. दिल्लीत १९५५-५६ मधे यमुनेचं पाणी गटाराने नासलं आणि जवळपास २९ हजार लोकांना कावीळ झाली, त्यातही गरोदर बायकांचे हाल सगळ्यात वाईट झाले. आपल्या इचलकरंजीत २०१२ मधे साथ आली तेव्हाही माणसं गेली, आपल्याकडे लोकांना ते आठवत असेल. झाडपाला थांबवायचा, जिथे बाळंतपणाची आणि रक्ताची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलमधे न्यायचं, आणि काय काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना न लाजता सांगायचं, उरलेली पुडी बरोबर न्या. आईला रागावू नका, तिने मायेनेच दिलं.

प्रश्न : वय ५८. दीड महिना कावीळ आहे, ताप नाही, पोटात दुखत नाही, पण अंगाला खाज इतकी की रात्री झोप नाही. शौचाला पांढरट होते. तीनदा उतरवून घेतली, माळही घातली, ती डोक्यावरून जेमतेम जात होती आणि आता पोटापर्यंत आलीय. माळ वाढली की कावीळ उतरते म्हणतात, मग पिवळेपणा का जात नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : काका, माळ ओल्या काड्यांची असते, दोऱ्याच्या गाठींमधे त्या घट्ट बसवलेल्या असतात, वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो. तीच माळ खुंटीला टांगली असती तरी वाढली असती. तुमच्या काविळीशी तिचा संबंध नाही.

मला तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींनी काळजी वाटली, न दुखणारी कावीळ, खाज आणि पांढरी शौच. याचा अर्थ लिव्हर पित्त तयार करतंय पण ते आतड्यात उतरत नाहीये, वाट कुठेतरी अडलीय. खडा असू शकतो, नळीला सूज असू शकते, स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठही असू शकते, आणि गाठ असेल तर आठवडा आणि महिना यात फार फरक पडतो. हे उतरवण्याने तर नाहीच, माझ्या काढ्यानेही जाणार नाही. याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या करा, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला कमी खर्चात होतात. माळ गळ्यात ठेवायची असेल तर राहू दे, सोनोग्राफीच्या आड येत नाही. रिपोर्ट आला की मला पाठवा, पुढे कुणाकडे जायचं ते मी सांगते.