गिरगावातली चाळ : संमती द्यायची, विकायची की दुरुस्त करायची?

गिरगावात पागडीच्या खोलीत (म्हणजे मालकाला एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या भाडेहक्काच्या खोलीत) राहणाऱ्या ६३ वर्षांच्या निवृत्त वाचकाचं पत्र आहे. खोली २४० चौरस फुटांची, वडिलांनी १९६२ साली घेतलेली. चाळ १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत. पेन्शन ३८ हजार, मुदत ठेवी २२ लाख. बिल्डर ४०५ चौरस फुटांची मालकीची जागा, तोवर महिना ३० हजार भाडं आणि ५ लाख कॉर्पस (देखभालीसाठी एकरकमी निधी) देतोय. दुसरीकडे ९० लाखांना खोली घ्यायला एक जण तयार आहे. आणि चाळीतली तरुण मंडळी म्हणताहेत की पाडू नका, ४० बिऱ्हाडांनी साडेपाच-साडेपाच लाख काढून दुरुस्त करू. ‘वारसा ठीक आहे, पण माझ्या पैशाचं बघा,’ असं ते लिहितात.

पैशाचंच बघू, आणि विक्रीपासून सुरुवात करू, कारण ९० लाख हा आकडा भुलवणारा आहे. घरमालकाचा रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा गेला की उरले ६० लाख. त्यावर भांडवली नफ्याचा कर. अनेकांना वाटतं, जुनी मालमत्ता म्हणजे २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येईल. भाडेहक्काला ती सवलत नाही. वडिलांनी मोजलेली पागडी, तीही पावती असेल तर, एवढीच तुमची खरेदी किंमत. म्हणजे जवळपास सगळे ६० लाख नफा. साडेबारा टक्के कर, उत्पन्न ५० लाखांवर गेल्यामुळे अधिभार, वर उपकर : साडेआठ लाखांच्या आसपास जातील, हातात ५१ येतील. मिळालेली सगळी रक्कम मुदतीत दुसऱ्या घरात घातली तर कर वाचू शकतो, पण मग ते घर बदलापूर-वसईकडचं. मुलाकडे कायमचं जायचं ठरलं असेल तरच हा विचार करा. पत्रात तसं काही दिसलं नाही.

आता बिल्डर. ४०५ चौरस फूट ऐकून तो उदार वाटतो, पण त्यात त्याची मेहेरबानी नाही. ३०० चौरस फूट हा नियमातला किमान हक्क आहे आणि त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमानंच मिळणारं जादा क्षेत्र; झाले ४०५. बोलणी याच्या पुढे सुरू व्हायला हवीत. खरी जोखीम भाड्याची आहे. तो चार वर्षं म्हणतो. सात लागली आणि मधली तीन वर्षं भाडं थकलं, तर ३० हजारांप्रमाणे १० लाख ८० हजार तुमच्या ठेवींतून जातील, म्हणजे जवळजवळ निम्मी पुंजी. हे घाबरवायला लिहीत नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं २००८ पासून किती वर्षं घराबाहेर राहिली, हे सगळ्या मुंबईनं पाहिलंय.

टॉवरचा देखभाल खर्चही धरा. तुमच्या अंदाजानुसार महिना ६ हजार. ५ लाखांच्या कॉर्पसवर सात टक्क्यांनी महिन्याला २,९०० सुटतात. बाकीचे ३,१०० पेन्शनमधून, दर महिन्याला, आणि दरवर्षी वाढत जाणारे.

वारसा हा शब्द पत्रात तुम्ही झटकून टाकलात, मला मात्र तो हिशेबात धरावासा वाटतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत. पहिल्या श्रेणीला जवळपास हात लावता येत नाही. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर बदल चालतात, परिसराशी जुळले म्हणजे झालं. त्यामुळे ‘हेरिटेज आहे, कधीच काही होणार नाही’ ही भीती फोल, आणि ‘हेरिटेज आहे, कोणी पाडणार नाही’ हा तरुणांचा भरवसाही फोल. चाळी खचल्या त्या यादीमुळे नाहीत. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. शंभर-दीडशे रुपये भाडं घेणारा मालक सागवानी जिन्याला तेल कशाला लावेल? (बिल्डरच्या मसुद्यात जुन्या साहित्याचा हक्क कोणाचा, तेही वाचा. त्या सागवानाला भाव आहे आणि तो भाव तुम्हाला कोणी सांगितलेला नाही.)

माझा कल दुरुस्तीकडे आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच कागदात आहे : स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-२बी आलीय, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी. सी-१ असती तर मी आजच बाहेर पडा म्हटलं असतं. साडेपाच लाख ही ठेवींची पाव रक्कम आहे, थोडी नाही. पण त्यात तुम्ही राहत्या घरात राहता, भाड्याची टांगती तलवार नाही, आणि पुनर्विकासाचा हक्क कुठेही जात नाही. उलट, कोसळायला आलेल्या चाळीतले लोक मिळेल त्यावर सही करतात, धड उभ्या चाळीतले घासाघीस करू शकतात. पैसे मात्र एकरकमी देऊ नका. वेगळं संयुक्त खातं काढा, वास्तुविशारदानं काम तपासल्यावर हप्ता सोडा, आणि आधी संडास, गच्ची, पाण्याच्या लाइन. भिंती रंगवणं शेवटी. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून मिळणारा वाटा अंदाजपत्रकातून वजा केलाय का, तेही विचारा.

४० पैकी निम्म्यांनीच पैसे काढले तर हा बेत कोसळतो, तेव्हा ३० जणांचा पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय तुमचा चेक देऊ नका. तसं झालं नाही तर बिल्डरकडे वळावं लागेल. नियमाला ५१ टक्के संमती पुरते, त्यामुळे एकट्यानं अडून बसण्यात अर्थ नाही. तेव्हा भाड्यासाठी बँक गॅरंटी, नोंदणी केलेला वैयक्तिक करार आणि त्यात कार्पेट चौरस फुटांत लिहिलेली जागा, एवढं झाल्याखेरीज खोलीची किल्ली देऊ नका.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात : भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर आहे. तिन्ही वाटांवर पहिला अडथळा तोच. वडिलांचा मृत्यूचा दाखला, ते गेले तेव्हा तुम्ही तिथेच राहत होता याचा पुरावा म्हणून जुनं रेशनकार्ड, आणि बहिणीचं ना-हरकत पत्र घेऊन घरमालकाकडे या महिन्यातच अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्या.