अनुकूल, अनुकूलनक्षम की अनुकूलनशील?

माटुंग्यात संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, सर्वव्यापी संगणनावरील (युबिक्विटस कम्प्युटिंगवरील) तिच्या प्रकल्पाच्या मराठी सारांशात ‘अ‍ॅडॅप्टिव्ह मिडलवेअर’ला ‘अनुकूल मध्यस्तर’ म्हटले तर चालेल का. मिडलवेअर म्हणजे अ‍ॅप आणि त्याखालची ऑपरेटिंग सिस्टम व नेटवर्क यांच्या मधला सॉफ्टवेअरचा थर.

माझ्या मते चालणार नाही. हवामान अनुकूल असते, निकाल अनुकूल लागतो. ‘अनुकूल’ म्हणजे आपल्या सोयीचे. इथे मात्र सॉफ्टवेअर परिस्थितीनुसार स्वतः बदलते, आणि त्या क्रियेसाठी शालेय विज्ञानाच्या पुस्तकांनी ‘अनुकूलन’ हा शब्द केव्हाच रुळवला आहे.

खरा प्रश्न पुढच्या प्रत्ययाचा आहे. ‘क्षम’ योग्यता सांगतो, ‘शील’ स्वभाव सांगतो. सहनशील माणसाला ‘सहन कर’ असे सांगावे लागत नाही. प्रोग्रामरने कोड बदलून नव्याने संकलित (कंपाइल) केल्यावरच जे बदलते ते अनुकूलनक्षम, आणि चालू असतानाच जे बदलते ते अनुकूलनशील. दादरला ग्रंथालयातल्या वायफायवर व्याख्यानाचा व्हिडिओ पाहणारी मुलगी लोकलमध्ये चढते आणि नेटवर्क क्षीण होते, तेव्हा मिडलवेअर उपलब्ध वेग मोजून व्हिडिओ उलगडणारा घटकच काढते व त्या जागी हलका घटक बसवते. वरच्या अ‍ॅपला याची वार्ताही लागत नाही. हे ‘शील’ झाले.

ज्या तंत्रांनी हे साधते, त्यांची नावेही जपून घ्यावीत. ‘रिफ्लेक्शन’ला ‘परावर्तन’ म्हणू नये, कारण तो प्रकाशाचा गुण आहे. इथे प्रोग्राम स्वतःची रचना पाहतो आणि बदलतोही, म्हणून ‘आत्मनिरीक्षण’ हा शब्दसुद्धा अर्ध्यावरच थांबतो. मी ‘रिफ्लेक्शन’ तसेच ठेवीन. याउलट, 1997मध्ये संगणकशास्त्रज्ञ ग्रेगर किक्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘अ‍ॅस्पेक्ट’च्या तंत्राला ‘पैलूनिष्ठ प्रोग्रामिंग’ हे नाव सुरेख शोभते: सुरक्षेसारखी बाब कोडभर विखुरलेली असते, ती वेगळा पैलू म्हणून एकत्र लिहायची आणि नंतर मूळ कोडमध्ये विणायची.

‘मिडलवेअर’ हा शब्द जर्मनीतल्या गार्मिश येथे 1968मध्ये भरलेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेच्या अहवालातही आढळतो. ‘सॉफ्टवेअर’ आपण स्वीकारले, तसा हाही स्वीकारावा. ‘सर्वव्यापी’ मात्र अवश्य ठेवावा. आपल्याकडे तो परमेश्वराचे विशेषण आहे, सर्वत्र असून डोळ्यांना न दिसणाऱ्याचे. आणि सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडणारे संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी 1991च्या लेखात हेच मांडले होते की, संगणकाने रोजच्या जगण्यात इतके मिसळून जावे की तो जाणवूही नये.