लिनक्स कर्नेलच्या मेमरी मॅनेजमेंटमधला चार ओळींचा क्लीनअप पॅच (कोड फक्त नीटनेटका करणारा बदल) रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

पॅचच्या वर्णनात 'वागणुकीत काहीही बदल नाही' असं लिहिलेलं असतं ना, ते खरं आहे का हे आधी बघायचं. बाकी सगळं नंतर.

मी ज्या टीममध्ये होतो तिथे असाच एक पॅच आला. लॉक न घेता पेज टेबल (आभासी पत्त्यावरून प्रत्यक्ष मेमरी शोधायचा तक्ता) वाचणाऱ्या फंक्शनमध्ये पीएमडीची, म्हणजे त्या तक्त्याच्या एका वरच्या पातळीची, नोंद रीड-वन्स या मॅक्रोने एकदाच वाचून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली होती. पॅचवाल्याने ते व्हेरिएबल 'विनाकारण आहे' म्हणून काढलं आणि तपासताना एकदा, वापरताना एकदा, असं पॉइंटरमधून थेट वाचलं. कोड सुटसुटीत दिसू लागला, टेस्टही पास झाल्या. मी अडवला. पहिल्या वाचनात ती नोंद खालच्या पातळीच्या साध्या पेज टेबलकडे बोट दाखवत असते. तेवढ्यात केह्यूजपेजडीने (छोटी पेजेस एकत्र करून मोठं पेज बनवणाऱ्या कर्नेल थ्रेडने) त्या जागी ह्यूज पेज, म्हणजे थेट डेटाचं मोठं पेज, बसवलं, तर दुसऱ्या वाचनानंतर आपण कुणाच्या तरी डेटालाच पेज टेबल समजून पुढे जातो. ही वेळ टेस्टमध्ये गाठणं निव्वळ नशिबावर. आमचे सीनियर म्हणाले, "अरे, दोन ओळींसाठी एवढा वाद कशाला?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मोठा पॅच सगळे डोळ्यांत तेल घालून वाचतात. असा छोटा मात्र सहज आत शिरतो.

म्हणून काढलेली प्रत्येक ओळ गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणाऱ्या कमांडने) शोधा आणि ती मुळात का आली ते त्या कमिटमध्ये वाचा. चेकपॅच ही कर्नेलची स्क्रिप्ट मुख्यतः शैली बघते, तिच्या भरवशावर राहू नका. फोलिओ (एकत्र हाताळायचा पेजेसचा गट) पुट केल्यावर, म्हणजे त्याचा रेफरन्स सोडल्यावर, त्याला कुणी हात लावतंय का, लॉक सोडायचा क्रम बदललाय का, ह्यूज पेज बंद ठेवून बिल्ड होतं का, हे बघा. डीबग-व्हीएम आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारे कर्नेलमधले पर्याय) चालू ठेवून चालवा. एवढं केल्याशिवाय पॅचला आपल्या नावाचा रिव्ह्यूड-बाय टॅग द्यायचा नाही. त्या टॅगचा अर्थ तुम्ही तांत्रिक तपासणी केली असा होतो. नुसतं 'छान वाटतंय' म्हणायला तो नाही.

क्लीनअप नकोच, असं मात्र नाही. कर्नेल 5.16 मध्ये फोलिओ आल्यापासून जे बदल होत आलेत त्यांनी कंपाउंड-हेडचे (गटातलं पहिलं पेज शोधणाऱ्या फंक्शनचे) कितीतरी अनावश्यक कॉल गेले, ते हवेच होते. कॉमेंटमधलं शुद्धलेखन सुधारणारा पॅचही लगेच घ्या. पण व्हेरिएबल 'विनाकारण' म्हणून काढलं असेल, तर ते विनाकारण का आहे हे पॅचवाल्याकडून वर्णनात लिहून घ्या.