जळगावचं विद्यापीठ नसतं तर काय बिघडलं असतं?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. भाची नंदुरबारला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने एमएस्सीला जळगावला जावं की पुण्याला? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, 'तसंही त्या विद्यापीठाने खान्देशाला दिलं काय?' मी आधी दुसऱ्याला हात घालते, पहिल्याचं उत्तर त्यातच सापडेल.

मी अमळनेर तालुक्यातली. जळगावलाच रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, आता एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. तेव्हा माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

हे विद्यापीठ, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, सुरू झालं १५ ऑगस्ट १९९० ला. त्याआधी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९९८ ला). म्हणजे काय, ते माझ्या मामाला विचारा. १९८६ ला तो बीए झाला आणि मार्कशीटवर आडनावातलं एक अक्षर चुकलं. अर्ज भरतानाच त्याने ते चुकवलं होतं, हे तो अजून कबूल करत नाही. दुरुस्तीसाठी रात्रीच्या एसटीने धुळे, मनमाड, नगर करत पुणे गाठलं, पहाटे शिवाजीनगर स्टँडवर तोंड धुतलं, खिडकी उघडायची वाट पाहिली. मग कळलं की कॉलेजचं पत्र लागतं. ते घरी कपाटात. दोन रात्री प्रवासात गेल्या, वर भाड्याचा खर्च, आणि आठवड्याने पुन्हा तीच वारी. आज हसू येतं, पण एका अक्षरासाठी आठशे किलोमीटर हा तेव्हाचा रोजचा हिशोब होता.

मामाच्या पाठची मावशी मात्र या गोष्टीत हसत नाही. तिला फर्स्ट क्लास होता. तिला हव्या त्या विषयाचं एमएस्सी पुण्याला होतं. आजोबा वाईट माणूस नव्हते, पण मुलीला एकटीला पुण्यात ठेवायची त्यांची छाती झाली नाही. उन्हाळ्यात लग्न उरकलं.

मला २००१ मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा गावात लोक वडिलांना विचारायचे, पोरगी कुठे आहे? वडिलांचं उत्तर ठरलेलं: 'मनी आंडेर जळगावले शिकस, दर शनिवारले घर येस.' (अहिराणीत: माझी मुलगी जळगावला शिकते, दर शनिवारी घरी येते.) या वाक्यातला दुसरा भाग नसता तर पहिलाही झाला नसता. विद्यापीठाने खान्देशाला काय दिलं, असं मला कुणी विचारलं की मला 'दर शनिवारले' आठवतं. भुसावळ-सुरत लाईनवर अमळनेर ते जळगाव तासाभराची गाडी. शनिवारी संध्याकाळी वडील लुना घेऊन स्टेशनबाहेर उभे असायचे आणि माझ्या ओढणीला प्रयोगशाळेचा वास असायचा. 'काय जाळी उनी वं?' (काय जाळून आलीस गं?) म्हणायचे. सोमवारी परत जाताना डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि एका पिशवीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. भरीत द्यायची आई, पण ते हॉस्टेलच्या दारातच संपायचं.

कॅम्पस गिरणेच्या काठावर, बांभोरीच्या पुलाजवळ, महामार्गाला लागून आहे. तेव्हा निम्मा मुरमाड माळच होता. मे महिन्यात तिथे उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. पारोळ्याची माझी एक मैत्रीण 'कमवा व शिका'मध्ये होती, सकाळी रोपांना पाणी घालायचं काम. महिन्याकाठी मिळायचं त्यात तिची मेस निघायची. गेल्या वर्षी आम्ही दोघी गेलो होतो, तिने एका कडुनिंबाला हात लावून 'हा माझा' म्हणून सांगितलं. खरंच तोच होता का, देव जाणे. मी वाद घातला नाही.

आता विद्यापीठाकडून लोक भलतंच काहीतरी मागतात, तेही सांगायला हवं. रावेर-यावलचा शेतकरी म्हणतो, एवढं मोठं विद्यापीठ, आमच्या केळीसाठी काय केलं? तो प्रश्न राहुरीच्या कृषी विद्यापीठाला विचारायचा आहे, शेतीची कॉलेजं त्यांच्याकडे. डॉक्टरकी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे. जळगावकडे प्रामुख्याने उरतं बीए, बीकॉम, बीएस्सी, बीएड आणि कॅम्पसवरच्या प्रशाळा, म्हणजे एकेका विषयाचे विभाग. म्हणजे ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय, त्यांचं शिक्षण. ते पेपरात येत नाही.

नावाचंही विचारतात. २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आसोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवल्या नसत्या तर गेल्याच होत्या. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांनी पुस्तक काढवलं. नाव मला आवडलं. पण एक खटकतं. बहिणाबाईंची भाषा त्यांच्या घरची, शेतातली होती, आणि आमच्या वर्गात आजही पोरगं अहिराणीत किंवा लेवा बोलीत उत्तर द्यायला लाजतं. नाव फाटकावर लागलं तेवढ्या वेगाने ती लाज गेलेली नाही, आणि यात मी धरून सगळे शिक्षक आले. (पूर्ण नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, पेपरवाले 'कबचौ उमवि' लिहितात. एसटीतला कंडक्टर नुसतं 'विद्यापीठ' म्हणतो.)

मी ज्या बाजूने बोलतेय तिचा एक प्रसंग सांगते. मध्यंतरी एका सीनियर कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराला मी मदतीला गेले होते. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सात दिवस. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालायचा आणि दुपारी घरोघरी आरोग्याचा फॉर्म भरायचा. फॉर्मवर पहिलाच रकाना: 'गल्ली व घर क्रमांक'. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेला एक पावरा आदिवासी मुलगा पुढे आला आणि म्हणाला, मॅडम, पाड्यात गल्ली नसते, एक घर या टेकडीवर, दुसरं त्या. रकाना खोडून तिथे 'कोणत्या नाल्याच्या कडेला' असं लिहायला लावलं त्याने. मग म्हाताऱ्यांशी पावरीत तोच बोलायचा आणि आमची मुलं त्याच्या मागे वही घेऊन. परत गेल्यावर वर्गात तो पुन्हा गप्प बसला.

आणि इथेच माझी तक्रारही आहे. जळगाव विद्यापीठाच्या हद्दीच्या एका टोकाला आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या मुलाला घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठायचं, मग दीडशेएक किलोमीटर गाडी. मामाला पुणे जसं होतं, तसंच त्याला जळगाव आहे. त्याचे वडील 'दर शनिवारले' म्हणू शकत नाहीत. १९९० मध्ये जो युक्तिवाद करून आपण पुण्यापासून वेगळे झालो, तोच आता नंदुरबारचा माणूस जळगावला ऐकवतो, आणि मला त्याला खोडून काढता येत नाही.

आता तुमची भाची. ती नंदुरबार शहरातली असेल तर गाडी थेट आहे. 'छोट्या विद्यापीठाची डिग्री' या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. नेट-सेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना) जळगावची एमएस्सी तितकीच चालते. पुण्याला मोठी लायब्ररी मिळेल, पुढच्या नोकरीसाठी ओळखी जास्त होतील, खोलीभाडंही तसंच लागेल. ते परवडत असेल आणि तिचं मन पुण्यात असेल तर खुशाल पाठवा. पैसे ओढूनताणून जमवावे लागणार असतील तर जळगाव. पण आधी तिला घेऊन एकदा या. सुट्टीच्या दिवशी नको, चालू दिवशी या, तिच्या विषयाच्या प्रशाळेत जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: उपकरणं हाताळायला मिळतात की नुसती दाखवतात, आणि हॉस्टेल किती जणींना मिळतं. आणि जळगावच्या आधीच्या पाळधी स्टेशनला उतरू नका, नकाशात जवळ दिसतं पण रिक्षाच्या भरवशावर राहावं लागतं. सरळ जळगावला उतरा, स्टँडवरून बस मिळेल.