बाबांची गोष्ट 'मी' म्हणून लिहू का?

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. आता फक्त त्रास कमी करायची औषधं चालू आहेत. परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. स्वतःची गोष्ट लिहून हवीय म्हणतात पण हात थरथरतो म्हणून मी लिहितेय. मुंबईच्या गिरणी संपात आठ महिन्यांनी ते गुपचूप कामावर गेले होते, ते त्यांना लिहायचंच आहे आणि काका म्हणतात गाळ ते, घराची लाज जाईल. शिवाय बाबांच्या तारखा चुकतात. काय करू?

उत्तर: ताई, काकांचा राग समजतो मला, त्या संपावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेत. पण गोष्ट बाबांची आहे आणि बाबा अजून आहेत ना, मग त्यांनाच विचारा की हे ठेवायचं का आणि वाचायला कोणाकोणाला द्यायचं, आणि ते उत्तरही रेकॉर्ड करा. ठेव म्हणाले तर ठेवा. फक्त त्यांच्याबरोबर आणखी कोण आत गेलं ती नावं गाळा, त्यांना कोणी विचारलेलं नाही.

तारखांचं म्हणाल तर संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, पण तो अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कधी, मग संपला कधी हे घरोघरी वेगळंच सांगणार. साल विचारूच नका, दादा तेव्हा कितवीत होता, गणपती झाले होते का, असं विचारा, बरोबर आठवतं.

'मी' म्हणून बिनधास्त लिहा पण शब्द त्यांचेच ठेवा. ते 'साचा' म्हणाले तर त्याचा 'यंत्रमाग' करू नका प्लीज. औषधाची गुंगी नसेल तेव्हा वीसेक मिनिटं बोलू द्या, दमले की बंद. कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी अशाच पेशंटसाठी एक पद्धत बसवलीय, त्यात बोलणं रेकॉर्ड करून उतरवतात, मग पेशंटला वाचून दाखवतात आणि तो सांगेल तसं बदलतात. हे वाचून दाखवणं अजिबात टाळू नका, बाबा तिथेच म्हणतील, असं नव्हतं गं.

आणि मध्येच राहिलं तर राहू द्या. उरलेलं त्यांच्या 'मी'त भरू नका, तिथून पुढे तुमचं नाव घालून तुम्ही लिहा. रेकॉर्डिंग मात्र आजच दुसरीकडे कॉपी करा, सगळं एकाच फोनवर असेल तर.